'सिली' शब्दाचा अर्थप्रवास : अर्थापकर्षाच्या कल्पनेची एक तपासणी

१

इंग्रजी भाषेच्या इतिहासावरील पाठ्यपुस्तकांत अर्थपरिवर्तनाचे प्रकरण आले की काही शब्द हटकून भेटतात. 'नेव्ह' म्हणजे एके काळी केवळ मुलगा, मग चाकर आणि शेवटी लबाड. 'व्हिलन' म्हणजे मुळात जमीनदाराच्या शेतीवाडीवर राबणारे कूळ, पुढे दुष्ट मनुष्य. आणि 'सिली' म्हणजे प्रथम धन्य, अखेरीस मूर्ख. यांपैकी 'सिली' हे उदाहरण अध्यापकांस विशेष प्रिय आहे. फळ्यावर एक शिडी काढावी, सर्वांत वरच्या पायरीवर 'धन्य' लिहावे, त्याखाली क्रमाने 'पुण्यशील', 'निष्पाप', 'दयनीय', 'दुर्बळ' असे लिहीत यावे आणि तळाशी 'मूर्ख' लिहून खडू खाली ठेवावा, इतके ते सोयीचे आहे. अर्थापकर्ष या संज्ञेची व्याख्या विद्यार्थ्यांच्या ध्यानात राहण्यास याहून सुलभ साधन सापडणे कठीण.

या शिडीवरील एकही पायरी खोटी नाही. प्रत्येक अर्थास लेखी आधार आहे आणि ते आधार साधारणपणे याच क्रमाने प्रथम आढळतात. तथापि अर्थांची नोंद कालक्रमाने लावणे ही एक गोष्ट आणि शब्द त्या क्रमाने पायरी पायरी उतरला असे मानणे ही दुसरी. पहिली कोशकाराची सोय आहे. दुसरी शब्दाच्या इतिहासासंबंधीची उपपत्ती आहे आणि तिला स्वतंत्र प्रमाण हवे. पाठ्यपुस्तके बहुधा पहिली देतात आणि दुसरी सिद्ध झाली असे समजून पुढे जातात. या दोहोंमधील अंतर किती आहे हे एकाच शब्दाच्या आधारे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय. प्रश्न केवळ कोशरचनेचा नाही. जुना ग्रंथ वाचताना त्यातील शब्द कोणत्या अर्थाने घ्यावयाचा आणि मूळ अर्थ हाच खरा अर्थ असे मानावयाचे की नाही, या दोन्ही गोष्टी त्यावर अवलंबून आहेत.

२

'सिली' या शब्दाचे मूळ प्राचीन इंग्रजीतील 'सॅल' या नामात आहे. 'सॅल' म्हणजे काळ, योग्य वेळ आणि त्यावरून सुख किंवा सुदैव. काळवाचक शब्दाला सुदैवाचा अर्थ यावा यात मराठी वाचकास नवल वाटण्याचे कारण नाही. 'सुकाळ' हा शब्द केवळ चांगल्या काळाचा वाचक नसून समृद्धीचाच वाचक झाला आहे. या नामापासून 'गेसॅलिग' हे विशेषण झाले. त्यातील आद्य व अंत्य 'ग' चा उच्चार प्राचीन इंग्रजीत यकाराच्या जवळचा होता. कालांतराने आद्य उपसर्ग गळाला, अंत्य व्यंजन स्वरात विलीन झाले आणि मध्यकालीन इंग्रजीत 'सेली' हे रूप प्रचारात आले.

या शब्दाचे सजातीय शब्द इतर जर्मानिक भाषांत आहेत. गॉथिक भाषेतील 'सेल्स' म्हणजे चांगला, दयाळू. प्राचीन नॉर्समधील 'सॅल्ल' म्हणजे सुखी. जर्मन भाषेतील 'झेलिग' म्हणजे आजही धन्य, परमसुखी. मृत व्यक्तीच्या उल्लेखातही हे विशेषण योजण्याचा जर्मन प्रघात आहे. मराठीतील 'कैलासवासी' या शब्दाची तेथे सहज आठवण व्हावी. आत्मा या अर्थाच्या 'झेले' या शब्दाशी 'झेलिग' चा संबंध सामान्य जर्मन माणूस जोडतो, परंतु तो लोकव्युत्पत्तीचा प्रकार आहे. तसेच कष्टप्रद या अर्थाच्या 'म्यूझेलिग' या शब्दाच्या शेवटी दिसणारे 'झेलिग' हेही मुळात वेगळे. ते कष्टवाचक 'म्यूझाल' या नामास प्रत्यय लागून झाले आहे. रूपसादृश्यावरून व्युत्पत्ती लावणाऱ्याने सावध का असावे, याची ही दोन उदाहरणे एकाच शब्दाच्या परिवारात मिळतात.

मध्यकालीन 'सेली' मधील दीर्घ स्वर काही बोलींत ऱ्हस्व झाला आणि पंधराव्या शतकापासून 'सिली' हे रूप दिसू लागले. आजारी या अर्थाच्या 'सिक' या शब्दातही मूळ दीर्घ स्वराचे असेच ऱ्हस्वीकरण झाले आहे. दीर्घ स्वराचे 'सीली' हे रूप काही काळ बरोबरीने नांदले आणि नंतर प्रमाण भाषेतून लोपले. आडनावांत त्याचा अवशेष आहे. स्कॉटलंडच्या लोककथांत मनुष्याशी सौजन्याने वागणाऱ्या यक्षगणाला 'सीली कोर्ट' म्हणतात आणि उपद्रवी गणाला 'अनसीली कोर्ट'. तेथे जुना शुभ अर्थ स्पष्टपणे टिकलेला आहे. म्हणजे एकाच शब्दाच्या दोन ध्वनिरूपांपैकी एकाच्या वाट्यास शेवटी केवळ मूर्खपणा आला आणि दुसऱ्याच्या वाट्यास, जेथे ते उरले तेथे, शुभत्व राहिले. शिडीच्या चित्रात या दुफाट्याला जागा नाही, कारण शिडीला खाली जाणारी एकच वाट असते.

३

शिडीच्या उपपत्तीची खरी परीक्षा ग्रंथांत होते. चौदाव्या शतकाच्या अखेरीच्या चॉसरच्या 'कँटरबरी टेल्स' या एकाच ग्रंथात 'सेली' हे विशेषण अनेक ठिकाणी आले आहे. त्यांपैकी तीन स्थळे शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत.

मठवासिनीने सांगितलेल्या कथेत हे विशेषण एका श्रद्धाळू बालकाच्या संदर्भात, शुद्ध मनाचे मूल लवकर शिकते अशा आशयाच्या म्हणीत येते. तेथे अर्थ निष्पाप, सुशील असा असून जुन्या धन्यतेची छाया त्यावर स्पष्ट आहे. कोंबड्याच्या प्रसिद्ध कथेत ते खोपटात राहणाऱ्या गरीब विधवेस लागते. तेथे अर्थ बापुडी, भली असा आहे. आणि गिरणीवाल्याच्या कथेत ते वयस्कर सुताराला पुनःपुन्हा लावलेले आहे. या सुताराची बायको तरुण आहे आणि घरात ठेवलेला विद्यार्थी त्याला प्रलयाची भीती घालून आढ्याला टांगलेल्या लाकडी भांड्यात रात्र काढावयास लावतो. येथे 'सेली' म्हणजे काय? दयनीय, हे तर खरेच. सहज फसणारा, हेही खरे. शिवाय जो सर्वांत दुर्दैवी ठरणार त्यालाच सुदैवी म्हणावे यात एक मिस्किल व्यंग्यही आहे. मराठीत एखाद्या फसलेल्या नवऱ्याला 'बिचारा' म्हणताना जितकी करुणा आणि जितके हसू एकवटते, तितकेच येथे एकवटले आहे.

मग चॉसर शिडीच्या कोणत्या पायरीवर उभा होता? प्रश्नच चुकीचा आहे. एकच कवी, एकच ग्रंथ, एकच शब्द. आणि तरी तीन अर्थ. ते परस्परांस बाधत नाहीत, कारण कोण, कोणाविषयी, कोणासमोर बोलतो आहे यावरून श्रोत्यास त्यांचा निर्णय करता येतो. मठवासिनी बालकाकडे भक्तीने पाहते; गिरणीवाला सुताराकडे प्रतिस्पर्ध्याच्या थट्टेने पाहतो. अर्थभेद शब्दाच्या वयात नाही, वक्त्याच्या दृष्टीत आहे. भारतीय अर्थविचाराच्या परिभाषेत सांगावयाचे तर शिडीचा पुरस्कर्ता एका अभिधेच्या जागी दुसरी अभिधा बसलेली पाहतो. परंतु ग्रंथात प्रत्यक्ष दिसते ते असे की, अभिधा कायम असतानाच व्यंजनेने निराळा अर्थ दीर्घकाळ सुचविला जात होता आणि पुढे केव्हातरी तो सुचविलेला अर्थच वाच्य झाला.

४

हा 'केव्हातरी' चा काळही एका तारखेत बांधता येत नाही. मूर्ख हा स्पष्ट अर्थ सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून मिळू लागतो. तरीही शेक्सपिअरच्या नाटकांत जुने आणि नवे अर्थ एकत्र नांदतात. 'मिडसमर नाइट्स ड्रीम' मध्ये कारागिरांचे नाटक पाहून राणी हिपोलिटा हा शब्द तमभाव दर्शवून वापरते तेव्हा तिला निखळ मूर्खपणाच अभिप्रेत आहे. उलट 'हेन्री द सिक्स्थ' नाटकाच्या तिसऱ्या भागात राजा आपल्या दुर्दैवी वैभवाशी धनगराच्या आयुष्याची तुलना करतो, तेथील मेंढ्यांना लावलेले हेच विशेषण निरुपद्रवी, गरीब या अर्थाचे आहे. 'ट्वेल्फ्थ नाइट' मध्ये तर एका जुन्या गाण्यातील साध्या, अकृत्रिम सत्याचे वर्णन याच शब्दाने केलेले आहे आणि तेथे तो प्रशंसापर आहे.

१६११ च्या अधिकृत बायबल भाषांतरात हा शब्द थोड्याच ठिकाणी आला आहे. ईयोबाच्या ग्रंथात व होशेयाच्या ग्रंथात त्याच्यामागे असलेला हिब्रू शब्द सहज भुलविला जाणारा, भोळा अशा अर्थाचा आहे. होशेयाने एफ्राइमला दिलेली पारव्याची उपमा या दृष्टीने बोलकी आहे. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात जेथे स्त्रियांना हे विशेषण लागते, तेथे मूळ ग्रीकात विशेषण नाहीच. स्त्रीवाचक नामाचे लघुत्वदर्शक रूप आहे आणि त्यातील तुच्छता दाखविण्यासाठी भाषांतरकारांनी हा शब्द योजला. दुर्बळ आणि मूर्ख या दोहोंच्या सीमेवर तो येथे उभा आहे. १६२९ साली मिल्टनने ख्रिस्तजन्मावर रचलेल्या स्तोत्रात बेथलेहेमजवळील धनगरांच्या मनातील विचारांस हाच शब्द लावला आहे. तेथे त्याचा अर्थ भाबडे, साधे असा आहे. मूर्ख असा अर्थ घेतला तर त्या प्रसंगाचे पावित्र्यच नष्ट होईल. डॉ. जॉन्सनच्या १७५५ च्या कोशातही निरुपद्रवी आणि मूर्ख हे दोन्ही अर्थ नोंदलेले आहेत. म्हणजे शिडीवरून उतरलेला म्हणून सांगितला जाणारा हा शब्द दीड शतकाहून अधिक काळ वरच्या आणि खालच्या पायरीवर एकाच वेळी उभा होता.

सी. एस. लुइस यांनी १९६० साली प्रसिद्ध झालेल्या 'स्टडीज इन वर्ड्स' या ग्रंथात 'धोकादायक अर्थ' अशी एक उपयुक्त कल्पना मांडली आहे. शब्दाचा आज प्रबळ असलेला अर्थ जुन्या वाक्यातही कसाबसा बसतो, म्हणून वाचक थबकत नाही आणि चुकतो. जो अर्थ मुळीच बसत नाही तो धोकादायक नव्हे. त्याने वाचक निदान कोशाकडे तरी वळतो. 'सिली' चा आजचा अर्थ अशा धोक्याचा नमुना आहे, कारण मेंढी मूर्ख असू शकते, धनगराचे विचार मूर्ख असू शकतात आणि पारवाही मूर्ख असू शकतो. मराठी भाषांतरात 'मूर्ख मेंढरे' असा शब्दप्रयोग येतो तेव्हा कोणाचेही कान टवकारत नाहीत. 'गरीब बिचारी मेंढरे' येथे योग्य होते, हे ध्यानातही येत नाही. हीच गत संस्कृत व प्राचीन मराठी ग्रंथांतील 'चेष्टा' शब्दाची होते. तेथे त्याचा अर्थ हालचाल किंवा क्रिया असताना आजचा वाचक थट्टेचा अर्थ घेऊन पुढे जातो. धर्मशास्त्रातील 'साहस' म्हणजे बलात्काराने केलेला अपराध, हे ठाऊक नसलेल्या विद्यार्थ्यास त्या प्रकरणात शौर्याचे वर्णन असावे असे वाटते.

५

शब्दाची ही गती का झाली, याची तीन प्रकारची उत्तरे दिली जातात.

पहिले उत्तर नैतिक आहे. रिचर्ड शेनेविक्स ट्रेंच यांनी १८५१ साली 'ऑन द स्टडी ऑफ वर्ड्स' या व्याख्यानसंग्रहात शब्दांच्या इतिहासात मनुष्याच्या नीतीचा इतिहास वाचता येतो असे आग्रहाने मांडले. चांगल्या अर्थाचे शब्द वाईट होतात याचे कारण मनुष्यस्वभावातील पतन, अशी त्यांची धारणा होती. ट्रेंच यांचे ऋण मोठे आहे. १८५७ साली त्यांनी फिलॉलॉजिकल सोसायटीपुढे इंग्रजी कोशांतील उणिवा दाखविल्या आणि त्यातूनच पुढे ऑक्सफर्ड कोशाचे कार्य उभे राहिले. परंतु त्यांची नैतिक उपपत्ती 'सिली' पुरतीही टिकत नाही. निष्पापपणाविषयीचा आदर सतराव्या शतकातील इंग्लंडात लोपला असे म्हणावयाचे, तर त्याच काळात तो आदर 'इनोसन्ट', 'ब्लेसेड' इत्यादी शब्दांनी अखंड व्यक्त होत होता, याची वाट काय? एका शब्दाने एक काम सोडले म्हणून समाजाने तो गुणच सोडला, असा निष्कर्ष निघत नाही.

दुसरे उत्तर मिशेल ब्रेआल यांचे. १८९७ च्या आपल्या अर्थविचारावरील निबंधात त्यांनी शब्दांत स्वभावतः अपकर्षाची प्रवृत्ती असते ही कल्पनाच नाकारली. जे अपकर्ष म्हणून दिसते ते पुष्कळदा मनुष्याच्या सौजन्याचे फळ असते. कठोर गोष्ट सौम्य शब्दाने झाकावी या इच्छेने चांगले शब्द वाईट वस्तूंना लावले जातात आणि वस्तूचा रंग शब्दाला चढतो. या मताला पुष्टी देणारे शब्द भरपूर आहेत. फ्रेंचमधील 'बने' म्हणजे भोळसट मनुष्य, आणि त्याचे मूळ लॅटिनमधील आशीर्वादित या अर्थाच्या 'बेनेडिक्टुस' मध्ये. 'क्रेटिन' हा शब्द आल्प्समधील फ्रेंच बोलीतून आला आणि त्याचा मूळ अर्थ ख्रिस्ती असा आहे. मतिमंद व्यक्तीला इंग्रजीत 'इनोसन्ट' म्हणण्याचा प्रघात होताच. 'डाफ्ट' म्हणजे खुळा, परंतु त्याचा प्राचीन अर्थ सौम्य, विनीत. आणि कुशल या अर्थाचा 'डेफ्ट' हा त्याचाच भाऊ. ब्रेआल यांचे उत्तर ट्रेंच यांच्या उत्तरापेक्षा पुष्कळ सरस आहे. तथापि एक प्रश्न उरतो. सौजन्य जर सर्वत्र सारखे, तर जर्मन 'झेलिग' मूर्ख का झाला नाही?

तिसरे उत्तर या प्रश्नातून निघते. योस्ट ट्रिअर यांनी १९३१ साली जर्मन शब्दांच्या अभ्यासातून मांडलेल्या शब्दक्षेत्राच्या कल्पनेनुसार शब्दाचा अर्थ त्याच्या शेजारच्या शब्दांनी मर्यादित होतो. 'सिली' व 'झेलिग' यांचे शेजार वेगळे होते. नवव्या शतकातील जर्मन शुभवर्तमानात डोंगरावरील प्रवचनाच्या आरंभीच्या धन्योद्गारांसाठी याच कुळातील शब्द आला आहे आणि १५२२ साली लूथरने तोच कायम ठेवला. दर पिढीला तो शब्द धर्ममंदिरात त्या गंभीर वाक्यांत ऐकू येत राहिला. इंग्रजीत मात्र प्राचीन भाषांतरकारांनी तेथे 'एआडिग' हा दुसरा शब्द योजला. तो मध्यकाळात लोपला तेव्हा त्याची जागा 'सेली' ने नव्हे तर 'ब्लेसेड' ने घेतली आणि चौदाव्या शतकाच्या अखेरच्या विक्लिफप्रणीत भाषांतरात तोच शब्द आला. त्याबरोबर फ्रेंचमधून 'इनोसन्ट' आणि 'सिंपल' आले. धन्यता एका शब्दाने घेतली, निष्पापता दुसऱ्याने. 'सेली' कडे उरली ती करुणा आणि तिच्या कडेची थट्टा.

हे उत्तरही पूर्ण नव्हे. धर्मग्रंथाचा आश्रय हे काही अभेद्य कवच नाही. 'ब्लेसेड' हा शब्द आज वैतागाच्या बोलण्यात उपरोधाने सर्रास वापरला जातो, तरी त्याचा मूळ अर्थ ढळलेला नाही. शब्दक्षेत्राने परिवर्तनाला वाव कोठे होता हे कळते; त्या वावेतून शब्द खाली का गेला हे कळत नाही. त्यासाठी पुन्हा ग्रंथांकडे वळावे लागते आणि हे विशेषण कोणाला लागत होते याची यादी करावी लागते. मेंढ्या, पारवे, मुले, विधवा, स्त्रिया, धनगर, सुतार. बोलणारा कवी, धर्मोपदेशक, राजा किंवा चतुर विद्यार्थी. ज्याच्याविषयी बोलावयाचे तो दुर्बळ. वरून खाली पाहून केलेली दया आणि वरून खाली पाहून केलेली तुच्छता यांत अंतर फार थोडे असते. शब्द खाली गेला, कारण तो आधीपासून खाली पाहणाऱ्यांच्या तोंडी होता. ब्रेआल यांचे सौजन्य आणि ट्रिअर यांचे शेजार या दोहोंना या तिसऱ्या निरीक्षणाची जोड दिल्यावाचून 'सिली' चा इतिहास सांगता येत नाही.

६

या विवेचनाची कसोटी घेण्यास भारतीय परंपरेत एक उत्कृष्ट शब्द उपलब्ध आहे. 'देवानांप्रिय' ही ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात अशोकाच्या शिलालेखांतील राजपदवी. त्याचा नातू दशरथ आणि सिंहलचा राजा तिस्स यांनीही ती धारण केली होती. उत्तरकालीन संस्कृतात त्याच शब्दाचा अर्थ मूर्ख असा आढळतो. येथेही देवांना प्रिय असलेल्याचा मूर्ख झाला, येथेही शिडी काढण्याचा मोह होतो, आणि त्याचे सोपे कारणही तयार आहे : बौद्ध सम्राटाच्या द्वेषाने ब्राह्मण वैयाकरणांनी त्याच्या पदवीची अशी विटंबना केली, असे वारंवार सांगितले जाते.

प्रमाणे मात्र इतकी सरळ नाहीत. अशोकानंतर सुमारे शतकभराने झालेल्या पतंजलीच्या महाभाष्यात हा शब्द 'भवान्', 'आयुष्मान्', 'दीर्घायुः' यांच्या पंक्तीत आदरार्थी संबोधन म्हणून येतो. पाणिनीच्या सहाव्या अध्यायातील निंदेच्या प्रसंगी षष्ठीचा लोप न होण्यासंबंधीच्या सूत्रावर कात्यायनाने या शब्दाची नोंद केली आहे. परंतु मूर्ख हा अर्थ तेथे शब्दशः सांगितलेला नाही. ते स्पष्ट विधान सतराव्या शतकातील भट्टोजी दीक्षितांच्या सिद्धान्तकौमुदीत मिळते. शांकरभाष्यात प्रतिपक्ष्याला याच शब्दाने उपरोधाने संबोधिले आहे. पदवीची मुद्दाम विटंबना झाली असती, तर पतंजलीच्या यादीत तिला मानाचे स्थान मिळते ना.

आणि पतंजलीतच एक प्रसंग असा आहे की, त्यात चॉसरच्या सुताराचा वडील भाऊ भेटावा. एका वैयाकरणाने सारथ्याला विचारले की, या रथाचा हाकणारा कोण. आणि विचारताना नियमाप्रमाणे होणारे रूप योजले. सारथ्याने उत्तर देताना लोकरूढ रूप वापरले. वैयाकरणाने तो अपशब्द ठरविताच सारथी म्हणाला की, हे देवानांप्रिय नियमाने काय प्राप्त होते ते जाणतात, परंतु काय इष्ट आहे ते जाणत नाहीत. येथे हा शब्द आदराचा की थट्टेचा? दोन्ही. आदराचे रूप राखूनच ती थट्टा होते, आणि म्हणूनच ती खुपते. मूर्खत्वाचा अर्थ व्याकरणात नोंदला जाण्यापूर्वी कित्येक शतके तो अशा सभ्य संभाषणांत व्यंजनेने वावरत असला पाहिजे. फरक इतकाच की, 'सिली' वरून खाली बोलला गेला आणि येथे सारथ्याने तोच डाव खालून वर उलटविला.

मराठीतही हीच प्रक्रिया डोळ्यांसमोर चालू आहे. 'भोळा' हे विशेषण शंकराला लावले की ते भक्तीचे होते, शेजाऱ्याला लावले की किंचित कीव करणारे होते. परंतु निखळ मूर्खपणासाठी भाषेने 'भोळसट' हे निराळे रूप घडविले, आणि त्यामुळे 'भोळा' वाचला. 'सीली' आणि 'सिली' यांच्यातील दुफाटा येथे प्रत्ययाने साधला आहे. अरबीत परका या अर्थाचा असलेला 'गरीब' हा शब्द मराठीत निर्धन तर झालाच, शिवाय 'गरीब गाय' या प्रयोगात निरुपद्रवी झाला. 'देवमाणूस' हा शब्द अजून स्तुतीचा आहे. तथापि व्यवहारात नुकसान सोसून येणाऱ्याविषयी घरची माणसे तो उच्चारतात तेव्हा त्यात सारथ्याचा स्वर ऐकू येतो. शंभर वर्षांनी एखाद्या कोशकाराने 'देवमाणूस' म्हणजे व्यवहारशून्य मनुष्य अशी नोंद केली, तर आजच्या मराठी समाजाची नीती ढासळली होती असे अनुमान काढणे कितपत न्याय्य होईल?

७

'सिली' चा प्रवास मूर्खत्वापाशी संपलेला नाही, हेही शिडीच्या चित्रात दिसत नाही. १८६१ साली 'सॅटरडे रिव्ह्यू' या नियतकालिकाने उन्हाळ्यातील बातम्यांच्या दुष्काळात क्षुल्लक मजकूर छापण्याच्या काळास 'सिली सीझन' असे नाव दिले. तेथे अर्थ क्षुल्लक असा आहे. क्रिकेटमध्ये फलंदाजाच्या अगदी जवळ, इजा होण्याइतक्या अंतरावर उभ्या असलेल्या क्षेत्ररक्षकाच्या जागेला 'सिली पॉइंट' किंवा 'सिली मिडऑफ' म्हणतात. मराठी वृत्तपत्रांनी व समालोचकांनी ही नावे जशीच्या तशी घेतली. मैदानावर हा शब्द रोज उच्चारणाऱ्या मराठी मुलाच्या मनात त्याचा मूर्खपणाशी काही संबंध नसतो, आणि त्या जागी उभे राहण्यास लागणारे धैर्य पाहता तो असण्याचे कारणही नाही. १९७० साली ब्रिटिश दूरचित्रवाणीवरील एका विनोदी प्रवेशाने विचित्र चालींचे एक सरकारी खातेच उभे केले, त्यात हाच शब्द निर्मळ गमतीचा वाचक झाला. लहान मुलाला लाडाने हा शब्द लावणारी इंग्रज आई तर जवळजवळ चॉसरच्या मठवासिनीपाशी पोचते. तिला तो इतिहास ठाऊक नसतो, आणि ठाऊक असण्याची गरजही नसते.

येथे व्युत्पत्तीच्या मर्यादेचा प्रश्न येतो. मूळ अर्थ सापडला म्हणजे खरा अर्थ सापडला, असा समज सुशिक्षितांतही दृढ आहे. इंग्लंडातील सफोक परगण्याला 'सिली सफोक' म्हणतात. तेथील अभिमानी रहिवासी याचा अर्थ पवित्र सफोक असा लावतात आणि परगण्यातील असंख्य चर्चांकडे बोट दाखवितात. परंतु मूळ अर्थ पवित्र होता एवढ्याने हे सिद्ध होत नाही; तो अर्थ जिवंत असलेल्या काळातच हे नाव प्रचारात होते, असे दाखविणारा लेख पुढे करावा लागेल. तसा लेख पुढे येईपर्यंत व्युत्पत्ती हे केवळ समाधान आहे, प्रमाण नव्हे. योगार्थापेक्षा रूढार्थ बलवान, हा मीमांसकांचा न्याय या बाबतीत पाश्चात्त्य व्युत्पत्तिप्रेमींहून अधिक सावध होता. मराठीत शब्दाच्या धातूवरून समाजाचा प्राचीन इतिहास उभारण्याची हौस अद्याप ओसरलेली नाही, म्हणून या न्यायाचे स्मरण येथेही उपयोगाचे आहे.

यावरून अर्थापकर्ष ही संज्ञा टाकून द्यावी असे मात्र नाही. दोन टोकांच्या अर्थांची तुलना करून दिशेचे नाव सांगण्यापुरती ती निर्दोष आहे. ती दिशेचे नाव आहे, कारण नव्हे. आणि तिच्या आधारे मधला प्रवास कल्पनेने भरून काढता येत नाही. तो प्रवास सांगावयाचा तर प्रत्येक अर्थासाठी ग्रंथस्थळ द्यावे, त्या स्थळी कोण कोणाविषयी बोलतो ते पाहावे आणि त्या काळी शेजारी कोणते शब्द कोणते काम करीत होते याची चौकशी करावी. हे काम शिडी काढण्याहून कष्टाचे आहे. परंतु ते केले असता निदान मिल्टनचे धनगर मूर्ख ठरत नाहीत, आणि अशोकाच्या पदवीसाठी एखाद्या कटाची कल्पना करावी लागत नाही.